पन्नालालजींनी सोडलेले अंगूर

मंगरूळपिरात दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पन्नालालजींचं कापडाचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या गल्ल्याखाली भूगोलाचं एक फाटकं पुस्तक होतं. पुस्तक लेकीचं, सातवीतलं. लेक लग्न होऊन कारंज्याला गेली, तिला दोन लेकरं झाली, तरी पन्नालालजींनी ते रद्दीत जाऊ दिलं नाही. दर भादव्यात, गिऱ्हाईक नाही अशी वेळ साधून ते पुस्तक काढायचे, चष्मा पुसायचे आणि मोरपिसाची खूण घातलेला धडा उघडायचे. धडा होता परमुलखातल्या फळफळावळीचा.

आता कापड दुकानदाराला परमुलखातल्या फळांशी काय करायचं, असं कोणी विचारेल. तर त्याचं असं होतं, की भादव्यात जैनांचं दशलक्षण पर्व येतं. दहा दिवसांचं. त्यातला आठवा दिवस त्यागाचा. त्या दिवशी मंदिरात सगळ्यांसमोर उभं राहून ज्यानं त्यानं काही ना काही सोडायचं. कोणी वर्षभर तूप सोडायचं, कोणी गोड, कोणी गादीवर झोपणं. पन्नालालजींना तूप पाहिजे होतं, गोड पाहिजे होतं आणि गादी तर पाहिजेच होती. पण चारचौघांत बसून राहणंही बरं दिसत नव्हतं. तेव्हा त्यांनी असं सोडायला सुरुवात केली, की जे मंगरूळपिरात मिळतच नाही.

अडुसष्ट साली त्यांनी अननस सोडला. एकोणसत्तरला सफरचंद. सत्तरला ते उभे राहून म्हणाले, "लिची."

पंडितजी गोंधळले. "लिची म्हणजे काय हो?"

"फळ हाय एक," पन्नालालजी मान खाली घालून म्हणाले. "लय गोड राहते म्हंते."

पंडितजींना वाटलं, बिचाऱ्याला किती आवडत असेल.

एकाहत्तर साली मात्र घोटाळा झाला. त्या वर्षी मुनीमहाराजांचा चातुर्मास गावात होता. मंदिर गच्च भरलेलं. पन्नालालजींच्या दुकानासमोर जिनदासचं किराणा दुकान. हा जिनदास दिवसाला बारा कप चहा प्यायचा. बशीत ओतून, फुंकर मारून, डोळे मिटून. तो उठला आणि म्हणाला, "महाराज, चहा. आजन्म."

बायांच्या बाजूनं एकदम "अगं माय" असा आवाज आला. महाराजांनी आशीर्वाद म्हणून दोन वेळा मोरपिसांची पिच्छी वर उचलली. लोक जिनदासकडे असे पाहू लागले, की जणू तो आता उठून दीक्षाच घेतो.

पन्नालालजींचा नंबर त्याच्या मागेच होता. घरून निघताना त्यांनी 'आक्रोड, एक वर्ष' असं घोकून आणलेलं. पण तो "अगं माय" त्यांच्या कानात शिरला, डोक्यात चढला आणि तोंडातून निघालं, "अंगूर. आजन्म!"

वाहवा झाली. पन्नालालजी खाली बसले आणि त्यांनी मनाशी हिशेब लावला. अंगूर त्यांनी जन्मात एकदाच खाल्ले होते, औरंगाबादला एका लग्नात. दोन दिवस दात आंबलेले. गावात अकोल्याहून कधी दोन पेट्या आल्याच तर येता येता त्यांचा रस होऊन जायचा. म्हणजे जिनदासनं जेवढं पुण्य डोकेदुखी सोसून मिळवायचं, तेवढंच आपल्याला बसल्या जागी मिळालं. त्या रात्री जिनदासचं डोकं ठणकत होतं आणि पन्नालालजी दोन्ही पाय पसरून झोपले होते.

पुढच्या फाल्गुनात सेवादास आला.

सेवादास जवळच्या तांड्यावरचा. दिवाळी झाली की बायको धनीबाईला घेऊन तो नाशिककडे अंगुराच्या बागांत कामाला जायचा आणि होळीला परत यायचा. धनीबाईच्या बाळंतपणात पन्नालालजींच्या बायकोनं, राजमतीबाईनं, जुनी लुगडी आणि डिंकाचे लाडू दिले होते. ते त्यानं ध्यानात ठेवलेलं. ओल्या पोत्यात गुंडाळलेली बोटभर जाडीची, मुळ्या फुटलेली एक काडी त्यानं ओसरीवर ठेवली.

"शेठानी, तुमच्यासाठी आनलं. अंगूर हाय."

राजमतीबाईनं लेकरू उचलावं तशी ती काडी उचलली. पन्नालालजी जेवत होते. घास तसाच राहिला.

"इकडं कुठं जगते बाप्पा अंगूर?" ते म्हणाले. "इथलं ऊन म्हंजे काय नाशिकचं ऊन हाय? काहून तरास घेतला?"

"हे मरत नाही, शेठ," सेवादास म्हणाला. "बागेतला गोरा अंगूर लय नाजूक. हप्त्याले दवा मारा लागते. नाही मारली का भुरी येते, पानं पीठ टाकल्यावानी पांढरे होते. हा काळा हाय. मालकानं बांधावरच्या काटेरी कुपावर सोडून देला. कोनी दवा मारत नाही, कोनी पानी देत नाही, तरी दरसाल लदलद लागते. लय चिवट जात."

"चिवट," पन्नालालजी म्हणाले.

"लय."

सेवादास गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "अवं, म्या अंगूर सोडले हाय. माहीत हाय नं? आजन्म."

"तुमी सोडले," राजमतीबाई खुरपं शोधत म्हणाली. "म्या थोडी सोडले."

काडी न्हाणीजवळ लागली. पन्नालालजींची पंचाईत काय होती ते नीट समजून घेतलं पाहिजे. अंगूर खायचा त्यांना मोह होता असं नाही. मोह असता तर बरं होतं. पण आपला त्याग किती स्वस्तातला हे आजवर कोणाला कळलं नव्हतं, कारण कोणासमोर अंगूर नव्हतेच. आता अंगणात वेल चढणार, गाव येणार, अंगुराकडे पाहणार आणि मग पन्नालालजींच्या तोंडाकडे पाहणार. तेव्हा वेल मरायला पाहिजे होती. पण आपल्या हातानं उपटायची कशी? हिरवा जीव आहे. मग त्यांनी ठरवलं, की आपण काही करायचं नाही, उन्हाळा करील.

उन्हाळ्यानं काही केलं नाही. मग बहात्तरचा पाऊसच आला नाही. विहिरी तळाला गेल्या. पन्नालालजींना दुष्काळाचं दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या एका कोपऱ्यात थोडी आशा होती. वेलीला न्हाणीचं पाणी मिळत होतं तेवढं तोडलं की झालं. "भिंत ओली होऊन राह्यली," असं म्हणून त्यांनी ग्यानबा गवंड्याला बोलावलं आणि न्हाणीचं पाणी रस्त्याकडे जाईल अशी नवी नाली बांधून घेतली. भांड्यांचं नि धुण्याचं पाणीही तिलाच जोडलं, म्हणजे मागं काही राहायला नको.

ग्यानबानं उतार डोळ्यानं पाहून दिला. त्याचा एक डोळा थोडा इकडे पाहायचा. नाली पुरी झाली, पहिली बादली ओतली, आणि न्हाणीचं, भांड्यांचं, धुण्याचं असं तिन्ही पाणी गुपचूप वळसा घेऊन वेलीच्या बुडाशी जाऊन बसलं.

"आता काय म्हणावं तुले, ग्यानबा?"

"उतार तर म्या रस्त्याकडंच देल्ता, शेठ," ग्यानबा म्हणाला. "पानी काहून तिकडं चाललं ते त्याले इचारा."

त्या उन्हाळ्यात गावातली तुळस वाळली, मंदिरातला कण्हेर वाळला, कडुनिंबानंही पानं टाकली. गल्लीत एकच गोष्ट हिरवी होती. वेल न्हाणीवरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून अंगणावर आली. दुपारी शेजारच्या बाया तिच्या सावलीला येऊन बसायच्या. नुसतं वर पाहायच्या. दुष्काळात हिरव्याकडे पाहणं हेसुद्धा एक काम असतं. आणि एक दिवस पन्नालालजींच्या ध्यानात आलं, की आपली दुपारची बाज राजमतीबाईनं त्या सावलीत कधीची सरकवलेली आहे आणि आपण महिनाभर तिथंच झोपून राह्यलो.

त्र्याहत्तरला पाऊस आला, चांगला आला, आणि आशाही परत आली. शेतकी खात्यातले एक साहेब सदऱ्याचं कापड घ्यायला दुकानात आले. पन्नालालजींनी सहज विचारावं तसं विचारलं.

"अंगूर?" साहेब हसले. "इथल्या दमट हवेत? भुरी येईल, करपा येईल, केवडा येईल. मोरचूद नि चुना मिसळून फवारल्याशिवाय एक पान राहणार नाही."

"त्यानं काय होते, साहेब?"

"बुरशी मरते."

"म्हंजे जीव मरते?"

"मरतेच ना. त्यासाठीच मारायचं."

"मंग आमाले जमत नाही," पन्नालालजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की साहेबांना ते फार मोठे अहिंसावादी वाटले. साहेबांनी ही गोष्ट चार जागी सांगितली. डोळ्यासमोर वेल मरेल पण जीव मारणार नाही, असा हा माणूस. पंडितजींनी तर प्रवचनात नाव न घेता दाखला दिला.

पाऊसभर पन्नालालजी रोज सकाळी चष्मा लावून वेलीची पानं तपासायचे. शेजारच्या विमलबाईच्या दोडक्यावर भुरी आली. गुलाबावर काळे ठिपके आले. भोपळ्याची पानं पिठात लोळल्यासारखी झाली. वेलीचं एकेक पान तव्याएवढं आणि काळंभोर हिरवं. एका सकाळी मात्र एका पानावर पांढरा डाग दिसला. ते धावतच घरात आले.

"अवं, आली! भुरी आली!"

राजमतीबाईनं पान पाहिलं, बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "बेसन हाय," ती म्हणाली. "काल म्या चाळनी झटकली तिथं." मग त्यांच्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुमाले एवढी काळजी हाय वेलीची?"

पन्नालालजींनी पान पुसलं. "हाय तं," म्हणाले.

आश्विनात राजमतीबाई चार दिवस माहेरी, शिरपूरला गेली. तिचा नेम असा, की चातुर्मासात हिरवं तोडायचं नाही. ती असती तर पानाला हात लावू दिला नसता. त्याच चार दिवसांत सेवादास नाशिकला निघण्यापूर्वी कापड घ्यायला आला. पन्नालालजींनी गजानं कापड मोजता मोजता विचारलं, "काय रे, तिकडं ते बागायतदार वेलीले काय करते?"

"कापते."

"थोडं?"

"थोडं नाही, शेठ. असं कापते का पाहवत नाही. नुसते खुंट राहते. पहिल्या वक्ताले मले तं वाटलं, बाग मारूनच टाकली."

पन्नालालजींचा गज थांबला. मारून टाकली, एवढंच त्यांनी ऐकलं. पुढचं ऐकायला ते थांबले नाहीत. दुकानातली कापड कापायची मोठी कात्री त्यांनी सेवादासच्या हातात दिली. "चाल. कापून दे."

सेवादासनं तासाभरात पत्रा मोकळा केला. कचकच आवाज येत होता. पन्नालालजी भिंतीकडे तोंड करून णमोकार मंत्र म्हणत उभे होते. आवाज थांबल्यावर वळले तर अंगणात ऊन पडलेलं, वेलीचे चार वाकडे खुंट उरलेले, आणि कापलेल्या प्रत्येक टोकातून पाण्याचे थेंब टपकत होते.

"रडून राह्यली," सेवादास कात्री पुसत म्हणाला. "चांगलं हाय, शेठ."

यात चांगलं काय, हे विचारायचं पन्नालालजींना सुचलं नाही. ते त्या थेंबांकडे पाहत राहिले. संध्याकाळी जेवले नाहीत. बाज ओसरीवर घेतली. अंगणात सावलीच नव्हती. दोन वर्षं जे मरावं म्हणून वाट पाहिली ते मेलं, आणि आता त्या रिकाम्या पत्र्याकडे पाहवत नव्हतं.

राजमतीबाई आली, पाहिलं, आणि बोलेनाशी झाली. वाढायची, ताट सरकवायची, पण शब्द नाही. दहाव्या दिवशी सकाळी तिनंच हाक मारली. खुंटांना पोपटी डोळे फुटले होते. आठवड्यानं पानं आली, आणि पानांच्या आडोशाला मोहरीच्या दाण्यांएवढे मण्यांचे झुबके. एक नाही, दोन नाही, जिथं डोळा तिथं झुबका.

त्या दिवशी घरात शिरा झाला. "मले सांगायचं तरी," राजमतीबाई तूप वाढत म्हणाली. "माहा नेम मोडू नये म्हनून म्या नसताना कापलं नं तुमी? अन् म्या येडी रुसून बसली."

पन्नालालजींनी मान हलवली आणि शिरा खाल्ला. दुसऱ्यांदा मागितला मात्र नाही.

चैत्रात अंगूर पिकले. काळे, वर पांढरट लव असलेले, सुपारीएवढे मणी. आणि वास! त्या वासाचं सेवादासनं काही सांगितलं नव्हतं. दुपारचं ऊन पत्र्यावर तापलं की तो वास अंगणातून ओसरीवर, ओसरीतून दुकानात यायचा आणि मांजरपाटाच्या ताग्यांत मुरून बसायचा. गिऱ्हाईक लुगड्याची घडी नाकाला लावून म्हणायचं, "शेठ, हे कुठलं लुगडं?" गाव लोटलं. राजमतीबाई प्रत्येकाला घोस देऊ लागली. आणि समोरचा जिनदास रोज संध्याकाळी हातात गरम पाण्याचा कप घेऊन अंगणात येऊन बसू लागला. चहा सुटला, पण कपबशी सुटली नव्हती. तो गरम पाणी बशीत ओतायचा, फुंकर मारायचा आणि पन्नालालजींच्या तोंडाकडे पाहायचा.

"काय पन्नालाल, कसं काय?"

"ठीक हाय."

"वास लय सुटला बा."

"सुटला असंन."

"लिचीचा वास असाच राहते का रे?"

पन्नालालजींच्या कपाळावर घाम आला. जिनदासनं घोट घेतला. "नाही, आपलं इचारलं. म्या काही लिची पाह्यली नाही."

पण खरी आफत जिनदास नव्हता. खरी आफत अशी, की पन्नालालजींना अंगूर खावासा वाटू लागला होता. दोन वर्षं जिच्या मरणाची वाट पाहिली, जिच्या सावलीत झोपले, जिला कापून उपाशी राहिले, तिची चव कशी असेल? पानं तपासता तपासता त्यांना तिचा एकेक फाटा पाठ झाला होता. गावानं चव घेतली. सेवादासचं लेकरू, विमलबाईची सून, नाली वाकडी घालणारा ग्यानबा, सगळ्यांनी खाल्ले. ग्यानबानं तर बिया त्यांच्याच नालीत थुंकल्या. एक माणूस राहिला.

सातव्या दिवशी त्यांनी ठरवलं. ज्या महाराजांनी त्याग दिला त्यांच्याकडूनच सोडवून घ्यायचा. काय प्रायश्चित्त देतील ते घ्यायचं. महाराज पायी विहार करत रिठदला थांबले आहेत असं कळलं होतं.

"दर्शनाले जातो," ते म्हणाले.

"बरं झालं," राजमतीबाई म्हणाली. "महाराजांच्या स्वैपाकाचा चौका असंन, तिथं अंगूर देजा. बिया काढून आहारात कामी येतीन." आणि तिनं टोपली भरून हातात दिली.

वाशीमपर्यंतच्या एस्टीत काय झालं ते भाऊसिंग कंडक्टर पुढे कैक दिवस सांगायचा. गाडी सुटली आणि दोन मैलांत सगळ्या गाडीची मान टोपलीकडे वळली. आधी एका बाईच्या कडेवरचं पोर रडलं. पन्नालालजींनी त्याला घोस दिला. मग शेजारच्या म्हाताऱ्याला कसं नाही म्हणायचं? मग मागच्यानं हात पुढे केला. भाऊसिंग तिकिटं सोडून आला.

"शेठ, गाडी घमघमून राह्यली! तुमी घ्या नं."

"माहा त्याग हाय," पन्नालालजी म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आजवर शंभरदा म्हटलं असेल. म्हणताना छाती थोडी पुढे यायची. या वेळी मात्र म्हणता म्हणता त्यांनी टोपली जवळ ओढली.

वाशीमला गाडी बदलली तेव्हा टोपलीत नुसती देठं होती, आणि तळाला दोन अंगूर. रिठदच्या गाडीत ओळखीचं कोणी नव्हतं. मंगरूळपीरचं तर कोणीच नाही. पन्नालालजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि एक अंगूर बोटांत धरला. उन्हानं तो कोमट झालेला. ज्या गोष्टीपासून सुटायला आपण निघालो तिच्यातून आज सुटणारच आहोत, मग दोन तास अलीकडे काय आणि पलीकडे काय? त्यांनी हात वर नेला.

गाडी खड्ड्यात गेली. अंगूर उडाला, समोरच्या बाकाखाली पडला आणि घरंगळत पुढे गेला. पन्नालालजी बाकं धरत, वाकत, शेवटी गुडघ्यांवर येत त्याच्या मागं निघाले. धोतराचा सोगा कोणाच्या तरी कोंबडीच्या डालीत अडकला. कोंबडी ओरडली. पार ड्रायव्हरच्या मागं एका म्हातारीनं पायाजवळचा अंगूर उचलला, पदराला पुसला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या बाबू. एकच व्हता का घरात?"

सगळी गाडी पाहत होती. पन्नालालजींनी तो अंगूर घेतला आणि परत टोपलीत, दुसऱ्याशेजारी ठेवला.

रिठदला महाराज एका ओसरीत पाटावर बसले होते. त्या दिवशी त्यांचं मौन होतं. पन्नालालजींना हे आधी कळलं असतं तर ते आले नसते. पण आता आलेच होते, आणि आतून जे निघालं होतं ते काही थांबत नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. अननस, सफरचंद, लिची, गल्ल्याखालचं पुस्तक, जिनदासचा चहा, नाली, बेसन, कात्री, कापलेल्या टोकांचं पाणी, आणि आत्ता गाडीतलं सुद्धा.

"आता सांगा महाराज," ते म्हणाले. "खाऊ का नको?"

महाराजांनी मोरपिच्छी उचलून आशीर्वाद दिला.

"म्हंजे खाऊ?"

महाराजांनी पुन्हा तशीच पिच्छी उचलली.

"म्हंजे नको?"

पुन्हा तीच पिच्छी. डोळे मात्र हसत असावेत, असं पन्नालालजींना वाटलं. बाजूला बसलेला सेवक हळूच म्हणाला, "बाबा, ते सगळ्यांनाच तसा देतात."

परतीच्या गाडीत त्यांच्या बाकावर दुसरं कोणी नव्हतं. दोन अंगूर टोपलीत होते, आणि या वेळी खड्डेही फारसे लागले नाहीत. गाडी वाशीमजवळच्या रेल्वे फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. मालगाडी जायची होती. डबे मोजावे तसे ते अंगुरांकडे पाहत राहिले. एक, दोन. एक, दोन. मालगाडी गेली. फाटक उघडलं.

घरी आले तर दिवेलागण व्हायची होती. राजमतीबाईनं टोपली घेतली.

"हे दोन काहून वापस आनले?"

"उरले."

"अन् खाल्ले नाही?"

पन्नालालजींनी तिच्याकडे पाहिलं. "तुले काय माहीत?"

"मले काय माहीत," ती हसली. "तुमच्या त्या पुस्तकात मोराचं पीस कोनं ठेवलं वाटते तुमाले? पोरगी तं कवाच गेली. दर भादव्यात तुमी धडा हुडकत बसता, गिऱ्हाईक उभं राहते. म्हनलं, निशानी घालून ठेवावं."

पन्नालालजी ओसरीच्या पायरीवर बसले. "मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? म्या म्हनलं, मानूस दरसाल खोटं सोडते, तं कधी तरी चुकून खरं सुटन."

तिनं ते दोन अंगूर धुतले. एक तोंडात टाकला. पन्नालालजी तिच्या गालाच्या हालचालीकडे पाहत होते.

"कसं लागते?"

"आता ते कसं सांगू?"

"तरी."

तिनं डोळे मिटले. "आदी काहीच नाही. मंग साल सुटते, फट करून. थोडं आंबट येते, जिभेच्या बाजूनं. अन् मंग..." ती थांबली. "मंग वास हाय नं हा, तोच गोड होते."

"अन् बी?"

"बी असू द्या नं."

दुसऱ्या दिवसापासून पन्नालालजींनी घोस स्वतःच्या हातानं वाटायला घेतले, आणि घोसाबरोबर प्रत्येकाला विचारायचे, "कसं लागलं?" विमलबाईची सून म्हणाली, जांभळासारखं. ग्यानबा म्हणाला, गुळाच्या पाकात चिंच टाकावी तसं. सेवादास म्हणाला, "घरी आल्यावानी," आणि लाजला. कोणाचं कोणाशी जुळत नव्हतं. पन्नालालजी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. रात्री बाजेवर पडून ते जोडून पाहायचे आणि ते जुळायचं नाही.

शेवटच्या घोसाच्या दिवशी जिनदास आला, कपबशीसकट. पन्नालालजींनी अंगूर पुढे केला. जिनदासनं खाल्ला, बी हातावर घेतली आणि पायरीवर ठेवली. आज त्यानं टोमणा मारला नाही. पन्नालालजींना विचारायचीही गरज पडली नाही. तो आपणहून सावकाश सांगत राहिला. साल कशी, गर कसा, शेवटी घशात काय राहतं. किराण्याचा माणूस, त्याला चवीचं कळत होतं. सांगून झाल्यावर त्यानं बशीत गरम पाणी ओतलं.

मग म्हणाला, "पन्नालाल, एक इचारू?"

"इचार."

"सकाळी तू चहा पेतो नं. पयला घोट."

"हो."

"कसा लागते रे आजकाल?"

पन्नालालजींनी राजमतीबाईला चहा टाकायला सांगितला. कप आला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली, डोळे मिटले, आणि पहिला घोट घेऊन काही न वगळता जिनदासला सांगू लागले. जिनदास आपल्या बशीतलं गरम पाणी हळूहळू पीत ऐकत होता.

भादवा आला. त्यागाच्या दिवशी मंदिर भरलं. या वेळी पन्नालालजींनी पुस्तक काढलं नव्हतं. मोरपीस राजमतीबाईनं कधीच काढून देवघरात ठेवलेलं. एकेकजण उठत होता. तूप, गोड, गादी. नंबर आला तेव्हा पंडितजींनी मोठ्या कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं. पन्नालालजी बसूनच होते.

शेजारून जिनदासनं कोपरखळी मारली. "ऊठ नं. यंदा काय सोडतो?"

"यंदा काही नाही," पन्नालालजी हळूच म्हणाले. "मागचंच अजून सुटून राह्यलं."